जखिणीचं वकीलपत्र

"शुक्रवारी माझी जखीण त्या विलायती भुताला अशी आपटेल, अशी आपटेल, की तो पुन्हा हैद्राबादचं नाव काढणार नाही!"

बाळकृष्णानं हे जाहीर केलं तेव्हा त्याच्या एका हातात भाकरीचा तुकडा होता आणि दुसऱ्या हातानं तो जखिणीचे केस कसे उडतील ते दाखवत होता. त्यात आमटीची वाटी उडाली. अंबरपेठेतल्या त्या घरात पिढ्यान् पिढ्या वकिली चाललेली, त्यामुळे जेवता जेवता मोठ्यानं बाजू मांडायची सगळ्यांनाच सवय होती. पण भुताच्या बाजूनं आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

"जखीण," अण्णा शांतपणे म्हणाले. अण्णा म्हणजे भगवंतराव, बाळकृष्णाचे वडील. ह्याच शांत आवाजात ते कोर्टात भल्याभल्या साक्षीदारांना घाम फोडत. "एलएल.बी. झालेला माझा मुलगा जखिणी काढत बसायलाय. बरं. आणि ती हरली तर?"

"ती हरत नाही, अण्णा!"

"समज की हरली."

"हरली तर सोमवारी कोर्ट उघडतंय, तेव्हा तुमच्याबरोबर येतो. कोट घालून!"

बोलून गेला आणि मग त्याचं लक्ष खुंटीकडे गेलं. खुंटीवर नवाकोरा काळा कोट लटकत होता. उन्हाळ्याच्या सुटीत अण्णांनी तो हौसेनं शिवून घेतला होता आणि त्याच्या खिशात डांबराच्या गोळ्याही घालून ठेवल्या होत्या. बाळकृष्ण कायद्याच्या परीक्षा पास झाला होता खरा, पण त्या कोटाकडे नुसतं पाहिलं तरी त्याचा श्वास कोंडायचा. त्याला चित्रं काढायची होती. लहानपणापासून त्याला दुसरं काही करायचंच नव्हतं, आणि ते ह्या घरात सांगायचं म्हणजे वरच्या कोर्टात अपील करण्यापेक्षा अवघड!

"आईसमोर बोललायस," अण्णा हात धुवायला उठत म्हणाले. "साक्षीदार आहे."

साक्षीदार म्हणजे मंगलाबाई. त्या तेव्हा सांडलेली आमटी पुसत होत्या.

आता ही जखीण आली कुठून, ते सांगायला हवं.

देशानं दारं उघडली आणि त्या दारांतून काय काय आत आलं! केबल आली, गल्लोगल्ली टेलिफोनचे बूथ आले, आणि मागोमाग व्हिडिओ गेम आले. कोठीच्या बाजारात पुस्तकं घ्यायला म्हणून निघालेली पोरं गेमच्या दुकानात सापडू लागली. हे पाहून नरसिंगराव नावाच्या गृहस्थांनी आपला कॅसेटी भाड्यानं द्यायचा धंदा मोडला आणि सिकंदराबादला, पलटणीचे गणवेश शिवणाऱ्या एका टेलरच्या माडीवर, गेम बनवायची कंपनी काढली. बाळकृष्ण तिथं उमेदवारीवर चित्रकार होता.

त्यांचा पहिलाच गेम मारामारीचा होता. कल्पना अशी, की ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही अशांना एका आखाड्यात आणून सोडायचं. लाल मातीतला पैलवान, अमेरिकन बॉक्सर, हवेत उडणारा चिनी मास्तर, अरबी तलवारबाज! सगळे एकत्र का आले, कुणाचं कुणाशी काय बिनसलं, असलं काही विचारायचं नाही. फक्त हाणायचं. आणि गर्दी खेचायला वर एक पाहुणा कलाकार म्हणून भूत! ही एकच जागा अजून रिकामी होती, आणि नरसिंगरावांनी सांगून टाकलं होतं, की ज्याचं भूत पास होईल तोच चित्रकार कायम. बाकीच्यांनी घरी जायचं.

नरसिंगरावांचं स्वतःचं भूत ठरलेलं होतं. काळा झगझगीत कोट, सुळे, पांढराफटक चेहरा, वटवाघळासारखा येणारा विलायती रक्तपिपासू! ते चित्र त्यांनी एका दुसऱ्या चित्रकाराकडून बाहेरून काढून घेतलं होतं. बाळकृष्णानं ते पाहिलं. भुतापेक्षा तो कोट पाहूनच त्याचं डोकं फिरलं.

"सर, हा इथं जगायचा कसा?" त्यानं भर ऑफिसात विचारलं. तिथली भांडणं हैद्राबादी हिंदीत होत. आपण ती मराठीतच ऐकू.

"जगायचा कसा म्हणजे? भूत आहे तो!"

"भूत असला तरी मे महिना आहे ना, सर! ह्या कोटात तो आबिड्सच्या चौकात पोचायच्या आधी चक्कर येऊन पडेल. शिवाय त्याला ऊन चालत नाही. हैद्राबादला उन्हाशिवाय दुसरं आहे काय?"

"एमय्या," नरसिंगराव तेलुगूत उखडले, "गेममध्ये ऊन कुठून आलं?"

"बरं, ऊन सोडा. त्याला लसूण चालत नाही! म्हणजे ज्या गावात सकाळपासून घराघरात अद्रक-लसूण वाटतात, त्या गावात हा लोकांच्या माना चावणार? पहिल्याच माणसाला चावला की खलास! त्यानं दुपारची बिर्यानी खाल्लेली असणार!"

"हौ, ये बात तो सच्ची है," जहीर म्हणाला. जहीर म्हणजे कंपनीचा प्रोग्रॅमर. चित्रांना हातपाय हलवायला लावायचं काम त्याचं. त्याचं स्वतःचं मत जिनाच्या बाजूचं होतं, पण जिनाला पाय नसतात म्हणून लाथा मारता येत नाहीत, ह्या मुद्द्यावर तो आधीच हरला होता.

"देश खुला झाला म्हणून आता भुतंसुद्धा बाहेरून मागवायची का?" बाळकृष्ण तापला. "आपल्याकडे काय भुतांचा तुटवडा आहे? मुंजा आहे, वेताळ आहे, हडळ आहे! माझी जखीण घ्या, सर. केस मोकळे सोडून आली की तुमच्या बॉक्सरला मैदान सोडून पळावं लागेल!"

"जखीण सिंगापूरला कोण ओळखतो?" नरसिंगराव गरजले. "गेम विकत घेणार पिल्लै साहेब, सिंगापूरचे. त्यांना विलायती भूत लगेच कळेल. शुक्रवारी ते येतायत. त्यांच्यासमोर दोघांना लढवू. ते म्हणतील ते भूत. आता पंखा सोड आणि कामाला लाग!"

बाळकृष्ण बोलता बोलता पंख्याच्या रेग्युलेटरला धरून उभा होता, आणि पंखा केव्हाच बंद पडला होता.

सिकंदराबादला दुपारी लाइट जायची, म्हणून त्यानं ऑफिसचा कॉम्प्युटर ऑटोत घालून अंबरपेठला आणला. मॉनिटर मांडीवर, कीबोर्ड काखेत आणि पाय आखडलेले, असा तो घरी आला. गुरुवारी दुपारी मंगलाबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"काय काढायलास रे?"

"जखीण."

"ही जखीण?" मंगलाबाईंचा आवाज चढला. "कपाळ पांढरं? हात मोकळे? अरे, सवाष्ण मरते तेव्हा तिची जखीण होते! कुंकू कुठंय तिचं?"

"आई, भूत आहे ती."

"भूत असली म्हणून काय झालं? रीत सोडली का तिनं? आमच्या देगलूरला विहिरीपाशी होती एक. हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, नाकात नथ!"

"तू पाहिलीस?"

"पाहायची काय गरज की? सगळ्यांना ठाऊक होतं!"

ह्या पुराव्यापुढं बाळकृष्णाची जिरली. त्यानं कुंकू काढलं, नथ काढली, कोपरापर्यंत बांगड्या काढल्या, नऊवारीचा कासोटा मारला. आणि काय सांगावं! जखीण अशी काही तेजाळून आली, की तो स्वतःच खुर्चीत मागं सरकला.

"आता कशी घरची दिसायलीय!" मंगलाबाई खूश झाल्या.

"घरची नको, आई! तिची भीती वाटायला पाहिजे!"

"मग? भीती घरच्यांचीच वाटते ना?"

बाळकृष्णाला अण्णा आठवले.

शुक्रवारी सकाळी ऑटो बोलावून तो आंघोळीला गेला. टेबलावर कॉम्प्युटर चालू होता आणि पडद्यावर जखीण कमरेवर हात ठेवून उभी होती. मंगलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वार शुक्रवार, घरात सवाष्ण आलेली, दोन दिवस राहिलेली आणि आता निघालेली. तिला अशीच कशी घालवायची? त्यात ती असली सवाष्ण! रागावली म्हणजे?

त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा आणला. पडद्याच्या काचेवर, बरोबर कपाळाच्या जागी, बोट टेकवलं. मग ओटी. आता ओटी भरायची म्हणजे पदर पाहिजे. पदर काचेच्या आत! पण तिच्या पुढ्यात, पसरलेल्या पदरासारखा, कीबोर्ड होता. मंगलाबाईंनी त्याच्यावर खण ठेवला, नारळ ठेवला, सुपारी ठेवली आणि हळदीकुंकू लावलेले मूठ मूठ तांदूळ घातले. ओंजळ सढळ होती. "माझ्या लेकाकडे लक्ष असू दे, बाई," असं म्हणून त्यांनी नमस्कार केला.

"आई!!"

टॉवेल गुंडाळलेला बाळकृष्ण दारात उभा होता.

"ओरडू नकोस रे. ती आहे अजून."

त्यानं धावत जाऊन नारळ उचलला, तांदूळ झटकले, काच पुसली, फुंकर मारली. वरवर सगळं स्वच्छ झालं. खाली ऑटोवाला भोंगा वाजवत सुटला होता. खण-नारळ पिशवीत कोंबून, कॉम्प्युटर उचलून तो निघाला. जिन्यात अण्णा भेटले. "बाही आखूड वाटली म्हणून कोट शिंप्याकडून सारखा करून ठेवलाय," एवढंच ते म्हणाले, पण तेवढं पुरलं. सिकंदराबादपर्यंत बाळकृष्णाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत राहिला.

पिल्लै साहेब म्हणजे गंभीर माणूस. पांढरा अर्ध्या बाहीचा शर्ट, जाड चष्मा आणि चेहऱ्यावर काहीही नाही. ते आले, बसले, चहा नको म्हणाले. नरसिंगरावांनी स्वतः जॉयस्टिक हातात घेऊन विलायती भुताचा ताबा घेतला. जखीण बाळकृष्णाकडे, कीबोर्डवर.

पहिली फेरी सुरू झाली आणि संपलीसुद्धा! रक्तपिपासू वटवाघूळ होऊन आला, मानेला डसला, जखीण आडवी. बाळकृष्णानं जहीरकडे पाहिलं. जहीरनं छताकडे पाहिलं. विलायती भुताची ताकद त्याच सकाळी कुणाच्या तरी हुकमानं दुप्पट झाली होती.

"व्हेरी गुड," पिल्लै म्हणाले आणि घड्याळाकडे पाहू लागले.

दुसरी फेरी. अजून एक हार, की सोमवारपासून कोट! बाळकृष्णानं केसांचा तडाखा देणारं बटण सगळ्या ताकदीनिशी दाबलं. खाली काहीतरी कर्रकन् वाजलं.

आणि जखिणीनं केस सोडले!

सोडले ते आवरेचनात. गरागरा, गरागरा, गरागरा! विलायती भूत पहिल्या तडाख्यात भिंतीवर आपटलं, दुसऱ्यात छताला लागलं, तिसऱ्यात त्याच्या कोटाच्या शेपट्या वर आणि सुळे खाली. नरसिंगराव जॉयस्टिक पिळत होते, उपटत होते, शेवटी खुर्चीतून उठून त्यांनी अंगानंच हिसके द्यायला सुरुवात केली. उपयोग शून्य!

"थांबव रे!"

"मी काही करतच नाहीये, सर!" बाळकृष्णानं दोन्ही हात वर केले. हात हवेत, आणि पडद्यावर जखीण एकटी लढतेय!

पिल्लै साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बॉक्सर आणा," ते म्हणाले.

बॉक्सर आला. बॉक्सर गेला. चिनी मास्तर हवेत उडाला तो हवेतच राहिला. तलवारबाजाची तलवार एकीकडे, पागोटं दुसरीकडे. पैलवानाला तर शड्डू ठोकायलाही वेळ मिळाला नाही. बाळकृष्णाचे हात अजून वरच होते, पण आता ते विजयानं वर होते. तो ओरडत होता, जहीर शिट्ट्या मारत होता, खालचा टेलर कात्री घेऊन काय झालं म्हणून वर आला आणि टाळ्या वाजवत थांबला.

"नक्को, नक्को, इसमें कुछ लफडा है," नरसिंगराव किंचाळले. त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला आणि उलटा करून टेबलावर दणकन् आपटला.

तांदूळ! हळदीनं पिवळे, कुंकवानं लाल! पसरत गेले ते थेट पिल्लै साहेबांच्या मांडीवर. शेवटी एक सुपारी निघाली आणि घरंगळत त्यांच्या बुटाशी जाऊन थांबली.

जहीरची शिट्टी अर्ध्यावर राहिली. पडद्यावर जखीणसुद्धा थांबली.

पिल्लै साहेबांनी सुपारी उचलली. "हे काय आहे?"

"साहेब, हा फ्रॉड आहे," नरसिंगराव घाम पुसत म्हणाले. "ह्याला आत्ताच्या आत्ता काढून..."

"ऑब्जेक्शन!" बाळकृष्ण म्हणाला.

हा शब्द त्याच्या तोंडून कसा निघाला ते त्याला आजही सांगता येत नाही. पण निघाला, आणि मागोमाग आवाज आला तो शांत, थंड, थेट अण्णांचा. अंगात नसलेल्या कोटाची कॉलर त्याचा अंगठा शोधू लागला.

"युवर ऑनर... म्हणजे, साहेब. ही ओटी आहे. माझ्या आईनं भरलेली. विलायती भूत आलं की लोक काय करतात? लसूण दाखवतात, छातीत खुंटी ठोकतात, हाकलतात. आमच्याकडे आधी विचारतात, बाई, तुझं काय राहिलंय? ही जखीण कुणाची तरी सून होती, कुणाची तरी आई होती. ती गेली आणि लोक तिला विसरले, म्हणून ती रागावलीय. तिला हरवायचं नसतं, साहेब! तिचा मान ठेवायचा असतो. आज सकाळी माझ्या आईनं तिचा मान ठेवला. आणि दोन फेऱ्यांत काय फरक पडला, तो आपण स्वतः पाहिलाय!"

"पहिल्या फेरीत ती हरली होती," पिल्लै म्हणाले. आवाज साक्ष तपासणाऱ्या माणसाचा.

"कारण ओटी पोचायला वेळ लागला!" बाळकृष्ण जराही अडखळला नाही. "गेममध्ये हेच ठेवू. मारामारी चालू असताना आखाड्यात खण, नारळ, तांदूळ पडलेले असतील. जो गोळा करून ओटी भरेल, त्याच्या बाजूनं जखीण लढेल. आणि जो तिला तुडवून पुढं जाईल, त्याच्यावर उलटेल! असं भूत सिंगापुरात आहे? अमेरिकेत आहे? त्या कोटवाल्याला कुणी कधी प्रेमानं नारळ दिलाय?"

पिल्लै साहेब हातातली सुपारी फिरवत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं.

"केरळात पालघाटला आमच्या घरामागं एका झाडाखाली यक्षी होती," ते म्हणाले. "माझी आई रोज दिवा लावायची. मी सिंगापूरला निघालो तेव्हा म्हणाली, तिला सांगून जा. मी हसलो आणि तसाच गेलो." त्यांनी सुपारी खिशात टाकली. "नरसिंगराव, ही बाई गेममध्ये पाहिजे. कोटवाल्याला परत पाठवा."

जिंकली! बाळकृष्णाची जखीण जिंकली! जहीरनं त्याला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पंखा आडवा आला. मग ओटीतला नारळ फुटला, कुणीतरी गूळ आणला, आणि पिल्लै साहेबांनीही खोबऱ्याचा तुकडा मागून घेतला. नरसिंगराव सगळ्यांना सांगू लागले, की जखीण घ्यायची हे त्यांच्या मनात पहिल्यापासूनच होतं.

"एक विचारतो," निघताना पिल्लै साहेबांनी बाळकृष्णाचा हात धरला. "हे असं बोलायला कुठं शिकलात?"

"घरात सगळे वकील आहेत, साहेब," बाळकृष्ण फुलून म्हणाला. आणि विजयाच्या भरात, कुणी विचारलेलं नसताना, पुढं म्हणाला, "मीसुद्धा एलएल.बी. आहे!"

तिथं तो चुकला.

"एलएल.बी.!" पिल्लै साहेबांचा चेहरा उजळला. "नरसिंगराव, चित्रं काढणारे पुष्कळ मिळतात. असा माणूस मिळत नाही! गावोगाव लोक माझ्या गेमच्या नकला विकतायत. त्यांना कोर्टात खेचायला मी केव्हापासून माणूस शोधतोय. तुमच्या कंपनीचा वकील हाच. कायम! सोमवारपासून!"

"पण साहेब, माझी चित्रं..."

"जखीण तुमचीच राहील. खोक्यावर नाव घालू. बाकी वेळ कोर्टात!"

संध्याकाळी घरी ही हकिकत ऐकून अण्णा इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं. "पैज तूच जिंकलास," ते डोळे पुसत म्हणाले. "माझ्याबरोबर यायचं कारण नाही. तुझा तू जा!" मंगलाबाईंनी एवढंच विचारलं, "मान राहिला ना तिचा?" तिचा राहिला, असं बाळकृष्ण म्हणाला.

सोमवारी मृगाचा अजून पत्ता नव्हता आणि सिकंदराबाद तव्यासारखं तापलं होतं. पिल्लै साहेबांचा पहिला दावा दाखल करायचा होता. काळा कोट, पांढरे बँड, उकाड्यानं पांढराफटक पडलेला चेहरा, अशा थाटात बाळकृष्ण कागद घ्यायला माडी चढून आला आणि ऑफिसच्या दारात उभा राहिला.

जहीरनं कॉम्प्युटरवरून मान वर केली.

"या अल्ला, वापस आ गया!" तो ओरडला. "अरे, कोई अद्रक-लसून लाओ रे!"